सोंग आणि सोंगटी

‘झोपेचं सोंग’, ‘आजारपणाचं सोंग’. शहरी मराठीत सोंग म्हटलं की लबाडीच आठवते. नाशिक जिल्ह्यात देवळा-सटाण्याकडे मात्र या शब्दाचा मान अजून टिकून आहे. तिकडच्या भोवाड्यात रात्रभर सांबळाच्या ठेक्यावर गणपती, नरसिंह, भीम, रावण मुखवटे चढवून नाचतात. ती सगळी सोंगं. पेठ-सुरगाण्याकडे यालाच बोहाडा म्हणतात. एखादं सोंग पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे असतं, काही गावी ते लिलावात घ्यावं लागतं. देवाचा मुखवटा चढला की कालपर्यंत कांद्याच्या शेतात राबणाऱ्या माणसालाही गाव हात जोडतं. इथं फसवणूक कुठे आहे? हिंदीतला ‘स्वांग’ हा याच शब्दाचा भाऊ. त्याची फोड बहुधा स्व आणि अंग अशी करतात. ती मला भोवाडा पाहताना पटते, कारण सोंग घेणारा आपलं अंगच त्या देवाला देतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचे ‘रोल-प्लेइंग’ खेळ. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे कुणी योद्धा, कुणी जादूगार होतात. धाडस साधलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा सांगतो. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका २०१६ साली आली, तिच्यातली मुलं हाच खेळ खेळतात, आणि तो ज्यांनी कधी पाहिला नव्हता त्यांच्याही तोंडी त्याचं नाव आलं. आता आपल्याकडचीही तरुण मुलं तो मांडून बसतात.

याला मराठीत ‘भूमिका-खेळ’ म्हणावं, असं सहज सुचतं. मला ते पसंत नाही. भूमिका हा नाटकातला जुना, चांगला शब्द. पण आज ‘भूमिका घेतली’ म्हटलं की वाचकाला पक्षाची पत्रकार परिषद दिसते.

आपल्याकडे ‘सोंगटी’ आहे. सारीपाटावरची सोंगटी म्हणजे पटावर खेळणाऱ्याच्या वतीने चालणारं छोटं सोंगच, असं मला वाटतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा इतिहासही याच वाटेने गेला आहे. त्याच्या आधी, १९७१ साली, गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा ‘चेनमेल’ हा युद्धखेळ आला. त्यात मोठ्या सैन्यांच्या लढाईत एक बाहुली वीस सैनिकांच्या जागी उभी राही. त्याच पुस्तकात एका बाहुलीला एकच माणूस मानायचे नियमही होते आणि अद्भुत कथांतले वीर व जादूगारही होते. आर्नेसनने पुढे आपल्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात एकेका खेळाडूला एकेक वीर दिला. मग त्या वीराला नाव आलं, स्वभाव आला, आणि खेळाडू त्याच्या तोंडून बोलू लागले. सोंगटीचं सोंग झालं.

पटावरचे शब्द जगण्यात उतरण्याची सवय मराठीला जुनीच आहे. पळून जाणारा ‘पोबारा’ करतो. तो पोबारा म्हणजे मुळात तीन फाशांवर पडलेलं एक आणि बारा यांचं दान.

भोवाडा आणि हे नवे खेळ यांत फरक आहे तो शेवटाचा. भोवाड्यात हिरण्यकशिपू मरणार हे लहान पोरालाही ठाऊक असतं, तरी ते डोळे ताणून जागतं. नव्या खेळात राक्षस मरेल की वीर, हे दान पडेपर्यंत गोष्ट चालवणाऱ्यालाही कळत नाही. पण टेबलाशी बसलेली मुलगी ‘ती दार उघडते’ असं न म्हणता ‘मी दार उघडते’ म्हणते, तेव्हा तिने सोंग घेतलेलं असतं. म्हणून मी या खेळांना ‘सोंगखेळ’ म्हणतो, आणि मुलांनी एकमेकांना ‘तू कुणाचं सोंग घेतलंस?’ असंच विचारावं.