हजेरी आणि सुट्टी

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की कुंभारी लागते. 1 सप्टेंबर 2006 रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते इथल्या 10,000 घरांच्या चाव्या विडी कामगार महिलांना मिळाल्या. वसाहतीला नाव कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं, मागे लढा कामगार नेते नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेचा. छप्पर हक्काचं झालं, पण त्याच छपराखाली कारखानाही चालू राहिला. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, कात्री, दोरा. मजुरी हजार विड्यांवर.

अशा घरात आठवड्याची सुट्टी कधी येते?

गिरणीत ती कशी आली, हे नोंदलेलं आहे. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी ही त्यातली ठळक मागणी. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्यांचं बोलणं आज फारसं कुणाला आठवत नाही, याची खंत वाटते. 10 जून 1890 रोजी गिरणी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. आजारपणातल्या पगाराला मात्र 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उजाडावा लागला.

सोलापूरच्या जुन्या गिरणीचा भोंगा या सगळ्या काळात वाजत होता. भोंग्याबरोबर फाटक होतं आणि फाटकाशी हजेरी. सुट्टी मागायची तर आधी हजेरी लागावी लागते.

विडीवालीची हजेरी लागत नव्हती. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं आणि 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा ठरवली. मालक कोर्टात गेले. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. कायदा चांगलाच होता. पण आई तापाने पडली की लेक किंवा सून तिचा हजाराचा आकडा भरून काढते. माल तिच्या नावावर जमा होतो आणि तिचं आजारपण कोणत्याच वहीत उमटत नाही.

याच कुंभारीत आता वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. वॉर्ड रविवारी बंद ठेवता येत नाही, म्हणून परिचारिकांचा रविवार ड्युटीच्या तक्त्यावर फिरत असतो: कुणाचा 'ऑफ' मंगळवारी, कुणाचा नाइट संपल्यावर. कुठल्याही रुग्णालयात एक सिस्टर आजारी पडली की तिची पाळी दुसरीच्या माथी येते. म्हणून रजा मागताना आधी मैत्रिणीचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. सरकारी परिचारिकेला निदान सेवानियमांचा आधार असतो. खासगीतल्या परिचारिकांचं गाऱ्हाणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जानेवारी 2016 च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली की रजा, कामाचे तास आणि वैद्यकीय सोयी राज्य सरकारी परिचारिकांच्या बरोबरीने असाव्यात. 200 हून अधिक खाटांच्या रुग्णालयात पगारही तेवढाच. ही शिफारस अमलात आणणं राज्यांवर सोपवलं गेलं.