टुफा आणि टफ

टुफा आणि टफ हे भिन्न उत्पत्तीचे दोन सच्छिद्र खडक आहेत. दोन्ही नावांचे मूळ एकाच लॅटिन शब्दात असल्याने त्यांची वारंवार गल्लत होते.

टुफा हा चुनखडकाचा एक प्रकार आहे. भूजलात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड झऱ्याच्या मुखाशी निसटला की पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेट शेवाळ, पाने व काटक्या यांवर साचते. पुढे वनस्पती कुजून जातात व त्यांच्या जागी पोकळ्या उरतात. उष्ण झऱ्यांपाशी तयार होणाऱ्या अधिक घट्ट खडकास ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. रोममधील कलोसियमच्या बांधकामात तो वापरलेला आहे.

कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरातले टुफाचे मनोरे पाण्याखाली घडले. १९४१ पासून सरोवरास मिळणाऱ्या ओढ्यांचे पाणी लॉस एंजेलिस शहराकडे वळविल्याने पातळी घटली व मनोरे उघडे पडले. पाण्याबाहेर त्यांची वाढ होत नाही. १९९४ मध्ये राज्याच्या जलनियंत्रण मंडळाने या उपशावर मर्यादा घातल्या.

टफ हा अग्निदलिक खडक होय. ज्वालामुखीच्या उद्रेकातून पडलेली राख दाबली व सांधली जाऊन तो बनतो. मऊ टफ कोरण्यास सोपा असतो. तुर्कस्तानातील कॅपाडोशियाची शैलगृहे व चर्च, तसेच ईस्टर बेटावरील बहुतेक मोआई पुतळे टफमध्ये कोरलेले आहेत. मुंबई परिसरातही बेसाल्टाबरोबर टफ आढळतो.

सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकल्यास टुफा फसफसतो. टफ सहसा फसफसत नाही.