घमेलं, जेसीबी आणि पाचवा वाढदिवस

मागच्या महिन्यात आमचे चिरंजीव पाच वर्षांचे झाले. यंदा वाढदिवस पुण्यात नाही, आर्णीला आजी-आजोबांकडे करायचा असं आधीच ठरलं होतं. थीम त्याने स्वतःच जाहीर केली : बांधकाम! त्यात त्याचा काही दोष नाही. नागपूर-तुळजापूर महामार्ग आर्णीतूनच जातो. तो चौपदरी होताना डंपर, रोलर आणि पोकलेन यांची जी काय जत्रा भरली होती, तिचे फोटो घरात अजून आहेत, आणि गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा साहेब तेच जास्त बघतात.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. लगेच एक्सेल शीट उघडली. पंधरा पोरं, पिवळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या, पिवळी-काळी पट्टी, रस्त्याच्या आकाराचा चॉकलेट केक. बाजूच्या प्लॉटवर घराचं काम चालू असल्याने रेतीचा ढीग फुकट. (रेती म्हणजे पुण्याची वाळू, आणि खडीला आमच्याकडे गिट्टी म्हणतात.) चिवडा ठेवायला बाजारातून पाच कोरी घमेली आणली आणि स्वतःवरच खूष झालो.

आईने घमेली बघितली आणि विचारलं, "हे काहून आणले?"

"चिवडा ठेवायला. थीम आहे ना."

"कोरे हायेत म्हणून बरं. आमच्या घमेल्यात मुरूम राहे," एवढं बोलून ती आत गेली. चिडली नव्हती. पण त्या दिवशी घमेल्यांना तिने हात लावला नाही, धुतली ती मीच.

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. रात्री पोरगं झोपल्यावर माझी नेहमीची खोड सुरू झाली, प्रत्येक गोष्ट कुठून आली ते शोधण्याची. म्हणून आजचा हा लेख.

सुरुवात घमेल्यापासूनच. हा शब्द पोर्तुगीज 'गामेला'वरून आला, म्हणजे लाकडी कठवत. आपला मिस्त्रीही तिकडचाच, 'मेस्त्र' म्हणजे उस्ताद. 'पोकलेन' हे तर एका फ्रेंच कंपनीचं नाव. तिची खोदयंत्रं भारतात आली आणि मग कुठल्याही कंपनीचं मशीन असो, आपल्यासाठी ते पोकलेनच. जेसीबीचंही तेच. ही अक्षरं म्हणजे एका माणसाचं नाव आहे, जोसेफ सिरिल बॅमफर्ड.

या बॅमफर्डची गोष्ट वाढदिवसाच्या लेखात यायलाच हवी. २३ ऑक्टोबर १९४५ ला इंग्लंडमधल्या युटॉक्सेटर गावात एक छोटं गॅरेज भाड्याने घेऊन त्याने धंदा सुरू केला, आणि त्याच दिवशी त्याला मुलगा झाला, अँथनी. म्हणजे कंपनीचा आणि पोराचा वाढदिवस एकच! पुढे हाच अँथनी कंपनीचा प्रमुख झाला. पहिला माल कोणता, माहितीये? युद्धातून उरलेल्या भंगारातून जोडलेली, मागे कलंडणारी ट्रॉली. आपल्याकडे ट्रॅक्टरमागे असते ना, त्याच जातीची. ती ४५ पौंडांना विकली गेली. बदल्यात घेतलेली गिऱ्हाइकाची जुनी गाडी दुरुस्त करून त्याने तीही ४५ पौंडांनाच विकली. पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात असलेलं, आज आपण ज्याला जेसीबी म्हणतो ते मशीन १९५३ नंतरचं.

भारतात जेसीबी बनायला लागला तो १९७९ मध्ये सुरू झालेल्या भागीदारीतून. कारखाना हरियाणातल्या बल्लभगढचा. हे १९७९ साल लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आता आईच्या घमेल्याकडे येतो. जेसीबी नव्हता तेव्हा महाराष्ट्रातले रस्ते आणि तलाव कुणी खोदले? हातांनी. १९७२ चा दुष्काळ सगळ्यांनी ऐकलेला असतो. लाल मिलो ज्वारी, सुकडी, गिट्टी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. पन्नास लाख! त्यांची रोजची हजेरी, मोजमाप आणि मजुरी, आणि सगळं कागदावर. माझ्या धंद्यातल्या कुणालाही या नुसत्या डेटा एंट्रीनेच घाम फुटेल.

त्याआधीच एक कल्पना मूळ धरत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचं म्हणणं असं, की काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची मेहेरबानी नव्हे, जबाबदारी असावी. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला याचा प्रयोग झाला. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १९७२ मध्ये योजना राज्यभर न्यायचं ठरलं आणि लगेच दुष्काळाने गाठलं. दुष्काळी कामं आवरल्यावर ती पुन्हा उभी राहिली. रोजगार हमी योजना, म्हणजे आपली रोहयो.

पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. नोकरदार आणि व्यावसायिकांनी थोडं द्यायचं आणि सरकारने तेवढीच भर घालायची. सॅलरी स्लिपवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, तोच हा कर. मी वर्षानुवर्षं ती ओळ बघतोय, पण ती आईच्या घमेल्यापर्यंत जाते हे मला या वाढदिवसाच्या निमित्ताने कळलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

विधिमंडळाने १९७७ मध्ये कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. बाई असो वा माणूस, एकाच कामाला एकच दर. आणि मुख्य अट म्हणजे खर्चाचा मोठा वाटा, निदान ६० टक्के, अकुशल मजुरीवरच जायला हवा. म्हणजे मशीन आणून काम उरकायचं नाही, ते हातांनीच करायचं.

बघा कशी गंमत आहे. ज्या वर्षी राज्याने हातांच्या कामाची हमी कायद्याने दिली, त्याच वर्षी हात रिकामे करणारं मशीन देशात बनायची तयारी झाली. पुढे कितीतरी ठिकाणांहून तीच तक्रार यायची : रात्री मशीनने खोदकाम आणि सकाळी मस्टरवर मजुरांची नावं. २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हाही मजुरीचं हेच ६०-४० प्रमाण पुढे आलं, आणि तीच तक्रारही.

मी जेसीबीच्या विरोधात नाही हं. ज्याने उन्हात मुरूम वाहिलाय त्याला मशीन आलं याचा आनंदच होईल. पण खेळण्यांच्या दुकानात बांधकाम म्हटलं की फक्त मशीनच असतं, माणूस नसतोच. फार तर पिवळ्या टोपीचा एक हसरा प्लॅस्टिकचा बाहुला, आणि बाई तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना आईला सरळच विचारलं. ती सांगायला लागली. गावापासून पक्क्या सडकेपर्यंतचा रस्ता, नंतर बंडिंगचं काम, चौकडी खोदायची, मग टेप लावून मोजमाप. मग म्हणाली, "कडुनिंबाले झोळी बांधली व्हती तुयी. पह्यला वाढदिवस तुया तिथंच झाला. मुकादमानं गूळ देल्ला व्हता."

माझ्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो का नाही, हे मी लहानपणी कितीदा विचारलं होतं. उत्तर आत्ता मिळालं.

मग प्लॅन बदलला. एक्सेल शीट बंद केली आणि आईलाच मुकादम केलं. वहीत मस्टर आखलं, शाईचा पॅड ठेवला. पोरांनी अंगठे उठवले (भिंतीवरही उठवले, असो). रेतीत एक फूट लांब, एक फूट रुंद चौकडी खोदायची, रेती घमेल्याने पलीकडे टाकायची आणि टेपने मोजून मजुरी घ्यायची. मजुरी म्हणजे चॉकलेटं. पोरं-पोरी सगळ्यांना एकच दर.

आणि अगदी इतिहासात घडलं तेच घडलं! चिरंजीवांनी भेट आलेला रिमोटचा जेसीबी चौकडीत उतरवला. पोरांनी गलका केला, "आजी, हा मशीननं करून राह्यला!"

आजीने मस्टर मिटलं. "मशीनले मजुरी नसते बाबू."

रडारड झाली. वाढदिवस त्याचाच, आणि मजुरी नाही त्यालाच. बायकोने माझ्याकडे रागाने बघितलं. शेवटी पाच मिनिटांनी त्याने जेसीबी बाजूला ठेवला, घमेलं उचललं आणि अर्धं भरून दोन खेपा केल्या. आजीने मोजलं आणि दोन चॉकलेटं दिली. एक नाही की तीन नाही. संध्याकाळी औक्षण झालं, केक कापला. चिवडा मात्र ताटांत वाढला.

झोपताना त्याने विचारलं, "आजी, तू खरंच रस्ता बांधला?" दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीने तो रस्ता बघून आलो. आता वरून डांबर झालंय. कडुनिंब काही सापडला नाही. आईने एका वळणावर गाडी थांबवायला लावली, खाली उतरून उभी राहिली आणि म्हणाली, "इथून तिथलोक आमची टोळी व्हती." पोराने तेवढं अंतर पावलांनी मोजलं. दोनशे बारा भरलं.

तर मंडळी, घरी ही थीम करणार असाल तर टोप्या आणि पट्टी जरूर आणा, पण आधी घरातल्या मोठ्यांना विचारा. एखादं मस्टर तुमच्याही घरात निघेल. आमच्याकडे पुढच्या वर्षीची ऑर्डर आलीये : डायनासोर. त्यांच्याबद्दल तरी आईला काही ठाऊक नसावं अशी आशा आहे :)