बांध, उघाडी आणि बेलापूर

सीबीडी बेलापूरच्या स्थानकातून उतरून कचेऱ्यांच्या वाटेला लागणाऱ्या चाकरमान्यास, पनवेल खाडीच्या या काठावरील बरीचशी सपाट जमीन समुद्राच्या तोंडचा घास काढून घ्यावा तशी आगरी कुळांनी भरतीच्या तावडीतून सोडवून लागवडीस आणली होती, याची वार्ता सहसा नसते. इतिहासलेखकांचेही लक्ष बहुधा बेलापूरच्या किल्ल्यापाशीच खिळते. सिद्दी गेले, फिरंगी आले, पुढे मराठ्यांचे निशाण लागले आणि १८१७ साली इंग्रजांनी तेही उतरवले, एवढे लिहिले की बेलापूरचा इतिहास संपला असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु या सर्व सत्तांच्या जमाबंदीत ज्या भातावर आणि मिठावर दस्त बसत असे, ते पिकविणाऱ्या माणसाची खरी लढाई दर पंधरवड्यास, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी चाललेली असे.

या लढाईचे साधन म्हणजे बांध. खाजणातील चिकण चिखल थरावर थर रचून, बाहेरच्या अंगास दगड लावून तो उभा करीत, आणि ठिकठिकाणी त्यात उघाडी बसवीत. उघाडी म्हणजे खाडीच्या बाजूस उघडणारी लाकडी झडप. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने ती मिटे, आणि ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून खाडीत उतरे. या योजनेत ना चाक, ना दोरी. खाडीचे बळ खाडीवरच उलटविण्याची ही युक्ती ज्याने प्रथम काढली त्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. मात्र खेकड्याच्या एका बिळातून पाणी झिरपू लागले आणि ते वेळीच बुजविले नाही, तर एका रात्रीत खांड पडे. खारे पाणी शेतात शिरले की पुढची काही वर्षे ती जमीन नापीक होई. म्हणून बांधाची राखण हा एकट्यादुकट्याचा मामला नव्हता. दक्षिणेकडे पेण-अलिबागच्या खारेपाटात गावकऱ्यांनी मिळून बांध दुरुस्त करण्याच्या रिवाजाला जोळ म्हणत, आणि जेथे बांध सावकाराने वा इनामदाराने घातलेला असे तेथे त्याच्या दुरुस्तीच्या नावाखाली कुळाकडून खंडाखेरीज भाताचा वेगळा वाटा घेतला जाई. तो वाटा नियमाने घेणारे दुरुस्ती मात्र तितक्या नियमाने करीत नसत. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली याच भागातील चरी येथे १९३३ पासून १९३९ पर्यंत चाललेल्या शेतकऱ्यांच्या संपामागे खोती जुलूम होता, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या रागात फुटक्या बांधांचाही अंश असावा, असे मला वाटते. या बांधांकडे लक्ष देऊन सरकारने खारभूमीचा कायदा केला तो मात्र १९४८ साली.

अशा जमिनीत होणारे भात गोड्या शेतातल्यासारखे नाजूक नव्हे. त्याला नांगर नको, राब नको, खत नको. मृगाच्या सरींनी मीठ धुऊन गेले की भिजवून मोड आणलेले बी चिखलात फेकायचे. तांदूळ लालसर आणि जाड निघे, पण त्याच्या पिठाची उकड काढून, काठवटीत मळून थापलेली भाकरी, सोबत सुकटीचे कालवण किंवा चिखलातून धरलेल्या निवट्यांचे आंबट, हे जेवण ज्याने चाखले आहे त्याच्यापुढे पांढऱ्याशुभ्र तांदळाचे कौतुक करू नये. भात आत आले, मीठ खाडीकाठच्या मिठागरांतून उचलले गेले, की लग्ने निघत. आणि तेथे धवलारीण नावाची स्त्री धवले गात एकामागून एक विधी लावून देई.

भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावर, त्रापानीच्या किनारी, अशीच मिठागरे आहेत. तेथे मिठाच्या राशी कौलांनी शाकारतात, आणि १९९५ पासून तो सारा परिसर संरक्षित आहे. आमच्याकडे नेमके उलट घडले. १७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसविण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले, ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन या नव्या शहरासाठी ठरली, आणि शहाबाज, आग्रोळी, दिवाळे ही गावे इमारतींच्या वेढ्यात सापडली. मोबदल्याच्या तंट्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी मारले गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याचा मार्ग पुढे मोकळा झाला.

गंमत अशी की भरतीच्या वेळी पावसाचे पाणी शहरात तुंबू नये म्हणून अभियंत्यांनी येथे होल्डिंग पाँड खणले, त्यांच्या तोंडाशी ओहोटीला उघडणाऱ्या आणि भरतीला मिटणाऱ्या झडपा बसविल्या, आणि या रचनेस डच पद्धत असे भारदस्त नाव दिले. जिची झडप मोडून तेथे भराव घातला गेला त्या उघाडीची आठवण कोणास झाली नाही. या तळ्यांत आता गाळ साचून कांदळवन माजले आहे. पूर्वी खांड पडली की गावचे गडी त्याच रात्री पाट्या-फावडी घेऊन बांधावर जात. गाळ काढण्याचे काम हल्ली निविदेने होते, आणि कांदळवनास हात लावायचा तर आधी उच्च न्यायालयाची परवानगी आणावी लागते.