लेकरू खेळलं तर शिकते : तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या हालचालीविषयी पालकांसाठी माहिती

भंडारा : रोवणीच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात सकाळी नऊला जाऊन पाहा. बायामाणसं बांधीत गेलेली, घरी आजी आणि तीन-चार वर्षांचं लेकरू. बाहेर पाऊस, अंगणात चिखल, तळ्याची भीती, सापाची भीती. मग लेकराच्या हातात मोबाईल येतो आणि ते दुपारपर्यंत एका जागी बसून राहते. आजीचा यात दोष नाही. पण या वयात असं बसून राहणं लेकराला महागात पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली निदान ६० मिनिटं दम लागेल अशी. झोप १० ते १३ तास. मोबाईल-टीव्ही एका तासाच्या वर नको, आणि दोन वर्षांच्या आत तर नकोच. १८० मिनिटं ऐकून घाबरायचं काम नाही. अंगणवाडीत पायी जाणं, कोंबडीमागे धावणं, आजीला तांब्याभर पाणी आणून देणं, हे सगळं त्यातच मोजलं जाते.

आता पालक विचारतात, खेळून अभ्यास कसा होईल? पेन्सिल धरायला आधी खांदा, मनगट आणि बोटं मजबूत लागतात. माती मळणं, पोपटाच्या शेंगा सोलणं, पाण्याचा कपडा पिळणं, यातून ती होतात. (दाणे मात्र लक्ष ठेवूनच द्या, लहान लेकरं नाकात घालतात.) वर-खाली, आत-बाहेर, डावं-उजवं हे शब्द लेकरू आधी अंगाने शिकते, मग कागदावर ओळखते. बिल्लस खेळताना चौकोन मोजले की आकडे आपोआप येतात. आपला तान्हा पोळाच घ्या. लाकडी नंदी दोरीने ओढत गावभर फिरायचं, दगड आला की वळवायचं, दुसऱ्याच्या नंदीला धक्का लागू द्यायचा नाही. तोल, ताकद, नजर आणि सबुरी एकाच खेळात. तो नंदी वर्षातून एकच दिवस का काढायचा, हे मला कळत नाही.

पावसात घरातही जमते. खडूने जमिनीवर रेघ ओढा आणि तिच्यावरून चालायला लावा. बारदान्याची घडी ठेवून बेडूकउड्या मारायला सांगा. कापडाचा चेंडू करून टोपलीत टाकू द्या. खर्च शून्य.

ही गोष्ट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. देशात एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली ती २ ऑक्टोबर १९७५ ला.

मी स्वतः चुकलो ते सांगतो. धाकट्याला साडेतीन वर्षांचा असताना गाडीने एका खासगी नर्सरीत पाठवलं. जाऊन-येऊन दीड तास गाडीत, मग बाकावर. एबीसीडी पाठ झाली, पण पाच वर्षांचा झाला तरी एका पायावर उडी मारता येत नव्हती.

साधारण अंदाज असा. अडीच वर्षांचं मूल दोन्ही पायांनी उडी मारते, चार वर्षांचं मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलते, पाच वर्षांचं लंगडी घालते. थोडं मागेपुढे चालते. पण दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल, किंवा आधी येत होतं ते आता जमत नसेल, तर थांबू नका, दाखवा.

एक गोष्ट आपण उलटी समजतो. 'लेकरू लय गरीब आहे, त्रासच देत नाही' असं कौतुकाने सांगतो. ते गरीब नसून अशक्तही असू शकते. रक्त कमी, पोटात जंत किंवा वजन घटलेलं असलं की लेकरू खेळत नाही. म्हणून दर महिन्याला अंगणवाडीत वजन-उंची करून घ्या. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर तीव्र कुपोषण समजतात. अशा लेकराला आधी उपचार आणि आहार पाहिजे, पळापळ नंतर.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अशा मुलाला खेळू देऊ नये, असं नाही. दर थोड्या वेळाने पाणी पाजा, दमलं की बसू द्या, भर उन्हात धावडवू नका, पावसात भिजलं तर लगेच कोरडं करा. हातपाय सुजले, दुखले किंवा ताप आला तर घरी न थांबता दवाखाना गाठा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करते. तारीख सेविकाताईंना विचारून ठेवा, त्या दिवशी लेकराला शेतावर नेऊ नका, आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत द्या.