पत्ता देता का, पत्ता?

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका जुन्या सर्व्हरवर रात्री बसून नेटवर्क बूट सुरू केलं आणि खुशीत घरी गेलो. सकाळी मंडळींनी मशीनं चालू केली, तर निम्म्यांचं नेट गायब! माझा डीएचसीपी सर्व्हर दिसेल त्याला भलतेच पत्ते वाटत सुटला होता. (भाच्यांनो, हसू नका.)

मग इतिहास धुंडाळला. १९८४ च्या रार्पमध्ये डिस्क नसलेलं यंत्र आपला हार्डवेअर पत्ता सांगून आयपी पत्ता मागायचं. मिळायचा तेवढाच. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी मांडला. त्यात सर्व्हरचा पत्ता आणि बूट फाइलचं नावही एकाच उत्तरात येऊ लागलं. फाइल आणायची टीएफटीपीने: ५१२ बाइटचा एक घास, पोच दिली की पुढचा. छोट्याशा रॉममध्ये मावायला हवं ना! १९९३ चा डीएचसीपी बूटपीवरच उभा राहिला, आणि १९९९ च्या पीएक्सई २.१ मध्येही हीच जोडी.

गंमत म्हणजे या मूळ रचनेत "तू कोण?" असं उत्तर देणाऱ्याला कुणी विचारतच नाही. माझ्या सर्व्हरलाही कुणी विचारलं नाही.

असो. आता तो फक्त नोंदवलेल्या मॅक पत्त्यांनाच उत्तर देतो. वडापाव मात्र अख्ख्या मजल्याला द्यावे लागले.