लवचीक निब आणि तीन लिप्यांचे शहर

लेखणी हे लिहिण्याचे निव्वळ साधन, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः अक्षराचे वळण बहुतांशी तीच ठरवते. आणि लेखणी पालटली की जुने वळण वाचणारी नजरही हळूहळू मंदावते. शाईच्या पेनांना लवचीक निब लावून पाहण्याचा छंद अलीकडे पुन्हा वाढीस लागला आहे. त्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी औरंगपुरा हे ठिकाण आम्ही मुद्दाम निवडले आहे.

औरंगपुऱ्यातील सरस्वती भुवन ही शिक्षणसंस्था 1915 साली सुरू झाली, तेव्हा औरंगाबाद (2023 पासूनचे छत्रपती संभाजीनगर) निजामाच्या राज्यात होते. दरबाराची भाषा उर्दू, घराची मराठी, आणि इंग्रजीचाही शिरकाव झालेला. उर्दू नस्तालिक वळणात कलमाने लिहीत, मोडी बोरूने, इंग्रजी टाकाने. एकाच शहरात तीन लिप्या आणि तीन लेखण्या नांदत होत्या. जवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद होत असे. आणि मोडीचा उगम परंपरा ज्या हेमाडपंताशी जोडते, तो यादवांचा मंत्री शेजारच्याच देवगिरीचा. अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत, ते असोत.

आता लवचीक निबाची गोष्ट. निबाच्या मधोमध चीर असते. हात दाबला की दोन्ही पाती फाकतात आणि रेघ रुंदावते. दाब सोडला की रेघ पुन्हा केसासारखी बारीक होते. वर जाणारी रेघ हलकी, खाली येणारी दाबून, हा इंग्रजी ताम्रपटी वळणाचा नियम या गुणावरच उभा आहे. बर्मिंगहॅमच्या जोसेफ जिलॉट यांच्यासारख्या कारखानदारांनी 1830 नंतर पोलादी निबे ढिगांनी काढली, आणि इंग्रजी राज्याबरोबर ती कचेऱ्यांत व शाळांत पोचली. न्यूयॉर्कच्या वॉटरमनने 1884 साली शाईच्या पेनाचे पेटंट घेतले; त्याच्या जुन्या पेनांतही सोन्याची लवचीक निबे सापडतात. पुढे कार्बन कागदावर प्रती काढण्यासाठी ताठ निब सोयीचे ठरले, 1945 नंतर बॉलपेन आले, आणि लवचीकपणा मागे पडला.

बोरू आणि कलम यांचा न्याय मात्र निराळा. तेथे जाडी दाबातून येत नाही. टोकाला दिलेल्या तिरप्या छाटणीतून येते. हात कोणत्या दिशेला वळला यावर रेघ जाड की बारीक हे ठरते. हा भेद प्रत्यक्ष लिहून पाहिला की चटकन उमगतो. लवचीक निबाने आम्ही बालबोध लिहून पाहिले, तेव्हा उभे दंड जाड झाले, पण शिरोरेघ क्षीण झाली. बोरूने ती दंडाइतकीच भरदार येते. नस्तालिकात तर सारेच उलटे. तेथे आडवे फराटे पुष्ट आणि उभ्या रेघा नाजूक, आणि निब देते नेमके याच्या विपरीत. मोडीत शिरोरेघ आधी ओळभर ओढून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे जोडत जायचे. एवढ्या वेगात दाब द्यायला उसंतच मिळत नाही. दिला तर वर वळताना निबाचे टोक कागदात रुतते. एक सावधगिरी वाचकांनी बाळगावी: बोरूची काजळाची शाई पेनात भरू नये, तिच्या कणांनी पेन तुंबते. ती दौतीत ठेवून बुडवूनच वापरावी.

या खटाटोपाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. मुंबई सरकारने 1917 साली कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध स्वीकारली, आणि पुढील काही दशकांत मोडी शाळांतूनही गेली. मराठवाड्यासह सर्व महाराष्ट्रात जुने मोडी कागद प्रचंड संख्येने पडून आहेत आणि ते वाचणारे मूठभर आहेत. मोडी वाचणे म्हणजे केवळ अक्षरे ओळखणे नव्हे. शाई कोठे गडद आहे, कोठे फिकट होत गेली, यावरून बोरू कोठे बुडवला ते कळते. हात कोठे उचलला हे कळले की एक शब्द कोठे संपतो याचा अंदाज बांधता येतो, कारण मोडीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. मागाहून घातलेली ओळही अशाच खुणांवरून संशयास्पद ठरू शकते. या खुणा छापील तक्त्यावरून शिकता येत नाहीत. त्यासाठी हाताला लेखणीचा स्वभाव माहीत असावा लागतो.

म्हणून लवचीक निब घेणाऱ्या हौशी मंडळींना आमचे एकच सांगणे आहे. त्या निबाने इंग्रजी अवश्य लिहावे, ते त्याचे घरच आहे. पण शेजारी एक बोरू तासून ठेवावा आणि तोच मजकूर मोडीत लिहून पाहावा. निब जेथे अडेल, तेथेच आपल्या लिपीचा स्वभाव सापडेल.